घराण्यात मेलानोमा असेल तर सुरुवात कुठून करायची

माझ्या सासऱ्यांच्या पाठीवर तीन व्रण आहेत. लग्नाआधी पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या त्यांच्या घरी गेले तेव्हा पोहायच्या तलावाकाठी ते दिसले आणि मला वाटलं, मोटारीचा अपघात झाला असावा. "मेलानोमा, मेलानोमा आणि मेलानोमा," नळ बदलल्याचं सांगावं तशा सुरात ते म्हणाले. (मेलानोमा म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर.) त्यांच्या बहिणीलाही एक झाला होता. आजेसासरे एकसष्टाव्या वर्षी स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेले होते. या सगळ्या गोष्टी घरात कुणाला ना कुणाला, अर्धवट का होईना, माहीत होत्या, पण त्या एका कागदावर कुणी आणल्या नव्हत्या. आणल्या आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी, माझ्या नवऱ्याच्या पाठीचा एक तीळ बघता बघता.

मी डॉक्टर नाही. त्यानंतरची अडीच वर्षं कॅन्सरच्या जनुकीय दवाखान्यात (इथे त्याला फॅमिलिअल कॅन्सर क्लिनिक म्हणतात) नवऱ्यासोबत बसून जे शिकले ते सांगते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिकेत गोऱ्या कुटुंबात लग्न केलेल्या मराठी माणसांना ते थेट लागू पडेल. महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी मामला जरा वेगळा आहे, त्यावर पुढे लिहिलंय.

आधी कागद मिळवा

इकडे आमच्या क्वीन्सलंड राज्यात प्रत्येकाच्या काकांचा "स्किन कॅन्सर कापलेला" असतो. तो बहुतेकदा बेसल सेल किंवा स्क्वॅमस सेल प्रकारचा असतो. हे दोन्ही फार आढळतात आणि आपल्या हिशेबात धरायचे नाहीत. मेलानोमा वेगळा. त्वचेला रंग देणाऱ्या मेलानोसाइट पेशींचा तो कॅन्सर आणि लवकर सापडला नाही तर जिवावर बेतणारा. त्यामुळे सांगोवांगीवर जाऊ नका, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागा. त्यात तीन गोष्टी बघायच्या: मेलानोमा हा शब्द आहे का, तो "इन सिटू" म्हणजे वरच्या थरातच आहे की आत उतरलाय, आणि उतरला असेल तर ब्रेस्लो जाडी, म्हणजे किती खोल उतरलाय ते माप, किती मिलिमीटर. आम्ही वर्षानुवर्षं मेलानोमात मोजलेले एक चुलतसासरे कागद हाती आल्यावर बेसल सेलचे निघाले. यादीतून एक नाव कमी.

डोळ्याचा मेलानोमा कुणाला झाला असेल तर तो वेगळा लिहा. त्यामागचं जनुक बऱ्याचदा दुसरं असतं, बीएपी१. त्या कुटुंबांत मूत्रपिंडाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमाही (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) दिसतो.

मग वंशावळ

या कामात मराठी माणसाची आघाडी असते, हे मला क्लिनिकमध्ये बसल्यावर कळलं. समुपदेशक बाई दर नातेवाइकाच्या नावाला विचारत, "आंट म्हणजे आईकडची की वडिलांकडची?" माझ्या वहीत आतेसासू, मावससासू, मामेसासरे, चुलतसासरे अशीच नोंद होती, त्यामुळे एकही प्रश्न शिल्लक राहिला नाही. जनुकांच्या हिशेबात बाजू फार महत्त्वाची. वडिलांकडची एक केस आणि आईकडची एक केस यांची बेरीज करायची नसते. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजायच्या.

पण आपल्याच डोक्यातला एक घोळ आधी काढून टाकायला हवा. घराणं म्हटलं की आपण बापाची बाजू धरतो, आडनाव धरतो. सदोष जनुक आईकडूनही तितकंच येतं आणि मुलीकडेही तितकंच जातं. लग्न होऊन आडनाव बदललेल्या आत्या नि चुलतआत्या वंशावळीतून हमखास गळतात. त्यांना शोधून लिहा.

प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी: कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी, एकूण किती वेळा, आणि माणूस हयात आहे का. मेलानोमासोबत स्वादुपिंडाचा कॅन्सर आवर्जून विचारा, कारण एकाच जनुकाशी या दोघांचा संबंध आहे. पोटाचा कॅन्सर एवढंच सांगितलं तर खोदून विचारा. माझ्या सासूबाईंना आजेसासऱ्यांच्या आजाराबद्दल "शेवटी पिवळे पडले होते" इतकंच आठवत होतं. त्या एका वाक्यावरून डॉक्टरांनी जुना मृत्यूदाखला मागवला.

हे असं कागदावर मांडून बघण्याची रीत जुनी आहे. १८२० साली इंग्लंडमधल्या स्टाउरब्रिज गावच्या विल्यम नॉरिस नावाच्या डॉक्टरनं एका मेलानोमाच्या रुग्णाची हकिकत छापली. रुग्णाचे वडील तीसेक वर्षांपूर्वी तशाच आजारानं गेले होते. वडील, भाऊ, मुलं, सगळ्यांच्या अंगावर पुष्कळ तीळ. धाकट्या मुलाचा एक तीळ तर नेमका त्याच जागी, जिथे या रुग्णाचा आजार सुरू झाला. हा रोग आनुवंशिक असावा, असं नॉरिसनं लिहिलं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा जन्म त्याच्या दोन वर्षं नंतरचा.

चाचणी करण्याइतकं काही आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत उत्तर "नाही" असतं. मेलानोमाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांच्याच घरात तो आणखी कुणाला झालेला असतो. त्यातही बऱ्याचदा कारण एकच: सगळे एकाच गोऱ्या कातडीचे आणि एकाच समुद्रकिनाऱ्यावर भाजलेले.

डॉक्टर मंडळी एक ठोकताळा वापरतात. मेलानोमा भरपूर आढळणाऱ्या देशात, म्हणजे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत, एका बाजूच्या जवळच्या नात्यात किमान तीन केसेस हव्यात. त्यातली एक तरी आत उतरलेल्या मेलानोमाची, बाकीच्यांत स्वादुपिंडाचा कॅन्सर धरला तरी चालतो. किंवा एकाच माणसाला तीन वेगवेगळे मेलानोमा झालेले असावेत. जिथे हा रोग कमी आहे तिथे तीनाऐवजी दोन पुरतात. आमच्याकडे सासरे एकटेच तिघांच्या बरोबरीचे, वर आतेसासूबाई आणि आजेसासरे. त्यामुळे चिठ्ठी लगेच मिळाली.

जनुक करतं काय?

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं जनुक सीडीकेएन२ए. ते नवव्या गुणसूत्रावर असतं. मेलानोमाशी त्याचा संबंध १९९४ साली उघड झाला. अनेक केसेस असलेल्या कुटुंबांपैकी साधारण वीस ते चाळीस टक्क्यांत यातच दोष सापडतो. ते पी१६ नावाचं प्रथिन बनवतं आणि पी१६चं काम पेशीच्या विभाजनाला ब्रेक लावणं.

मला हे सायकलवरून समजलं. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात, पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक. आमच्या कुटुंबात एक ब्रेक जन्मापासूनच तुटका. दुसऱ्यावर सायकल चालते, वर्षानुवर्षं चालते. पण एखाद्या पेशीत उन्हामुळे किंवा नुसत्या योगायोगानं दुसराही गेला की उतारावर थांबवणारं कुणी उरत नाही. सीडीके४ नावाचं दुसरं, फार क्वचित सापडणारं जनुक आहे. त्यात ब्रेक शाबूत असतो, पण रिमलाच तेल लागलेलं, त्यामुळे पकड बसत नाही. परिणाम तोच.

याखेरीज एमसी१आर. लाल केस, ठिपके-ठिपके, उन्हात लाल होऊन न काळवंडणारी कातडी, हे त्याचे प्रताप. ते एकटं असेल तर धोका थोडा वाढवतं, सीडीकेएन२एच्या जोडीला आलं तर बराच. माझ्या नवऱ्याचे केस तपकिरी, पण चार दिवस दाढी केली नाही की हनुवटी तांबूस दिसते. समुपदेशक बाईंनी ते बघून हसत वहीत टिपलं.

आधी कुणाची चाचणी?

ज्याला रोग झालाय त्याची. इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. घाबरलेला निरोगी मुलगा आधी जाऊन रक्त देतो, काही सापडत नाही आणि तो निर्धास्त होतो. पण घरातल्या रुग्णात काय दोष आहे हेच माहीत नसेल तर "सापडलं नाही" याला अर्थ नाही. आधी सासऱ्यांची चाचणी झाली, त्यांच्यात नेमका दोष सापडला, मगच बाकीच्यांना तोच एक शोधायला सांगितलं.

दुसरी गल्लत ब्रॅफची. मेलानोमाच्या गाठीची तपासणी केली की साधारण निम्म्या रुग्णांत ब्रॅफ जनुकातला बदल सापडतो, आणि नातेवाईक घाबरून फोन करतात, "आम्हालाही करायला हवी का?" नाही. तो बदल गाठीत, त्या माणसाच्या हयातीत झालेला असतो. औषध ठरवायला त्याचा उपयोग होतो, पण तो पुढच्या पिढीत जात नाही. वारशाची चाचणी रक्ताची किंवा थुंकीची असते. रिपोर्ट हातात आला की नमुना कशाचा आहे हे आधी वाचा.

उत्तर आलं, आता?

दोष सापडला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकीसारखी. आमच्या नवऱ्याला मिळाला, नणंदेला नाही.

पण दोष म्हणजे कॅन्सर नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीडीकेएन२एचा दोष असलेल्या कुटुंबांत ऐंशी वर्षांपर्यंत मेलानोमा होण्याची शक्यता युरोपात ५८ टक्के, अमेरिकेत ७६ आणि ऑस्ट्रेलियात ९१ टक्के निघाली. सगळीकडे जनुक तेच, ऊन वेगळं. हे आकडे ऐकून झोप उडते. पण ती कुटुंबं मुळात भरपूर केसेस आहेत म्हणूनच निवडलेली होती. २००५ साली कौटुंबिक इतिहास न बघता निवडलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांवरून हिशेब केला तर ऐंशीपर्यंतचा आकडा २८ टक्क्यांच्या आसपास आला. तुमचं कुटुंब या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतं, ते समुपदेशकाला विचारा.

तिसरं उत्तर सगळ्यात वैतागवाणं: बदल सापडलाय, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही. त्यावर काहीही निर्णय घ्यायचा नाही. दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचारायचं.

नणंदेला सुटका मिळाली खरी, पण तिची कातडीही भावासारखीच लगेच भाजते. सनस्क्रीन तिलाही सुटलं नाही.

स्वादुपिंडाकडेही लक्ष द्यावं लागतं. सीडीकेएन२एचा दोष असणाऱ्यांसाठी चाळिशीपासून दरवर्षी एमआरआय किंवा एंडोस्कोपीतून सोनोग्राफी असा सल्ला तज्ज्ञ देतात, तोही अनुभवी केंद्रातच. सिगारेट ओढत असाल तर ती आजच सोडा. स्वादुपिंडाच्या बाबतीत आपल्या हातात असलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट.

महिन्यातला एक रविवार

आमच्या घरी पहिल्या रविवारी, आंघोळीनंतर, खिडकीपाशी. दोन आरसे, एक पट्टी, फोन. नवऱ्याची पाठ मला आता गावाच्या नकाशासारखी पाठ आहे. डोक्यापासून सुरुवात करायची, केसांत भांग पाडत पाडत. कानामागे, मानेवर, पाठीवर, कमरेखाली, मांड्यांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, तळपायावर. शंका आली की पट्टी लावून फोटो.

काय शोधायचं? एक बाजू दुसरीशी न जुळणारी, कड वेडीवाकडी, एकाच तिळात दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरहून मोठा आकार म्हणजे पेन्सिलीच्या टोकावरच्या रबराएवढा, आणि सर्वांत महत्त्वाचं, बदल. पण एक प्रकार या कशातच न बसणारा असतो: गोल, उंच, कडक, काळा किंवा अगदी गुलाबीसुद्धा, आणि आठवड्यांत वाढणारा. त्याच्यासाठी पुढच्या रविवारची वाट बघायची नाही.

हे सगळं पाठ करण्यापेक्षा मला तांदूळ निवडण्याचा अनुभव जास्त कामी आला. परातीत आपण दाणा-दाणा तपासत नाही, खडा आपोआप नजरेला टोचतो. माणसाचे तीळ साधारण एका ठेवणीचे असतात. त्यांत जो वेगळा दिसतो तो डॉक्टरला दाखवायचा. नवऱ्याच्या उजव्या खांद्याच्या पात्याखाली मसुराच्या डाळीएवढा एक तीळ होता. तीन महिने तसाच होता, चौथ्या महिन्यात एका कडेला शाई फुटल्यासारखा दिसला. चर्मरोगतज्ज्ञांनी जेलचा थेंब टाकून डर्मोस्कोप (तीळ मोठा करून दाखवणारं भिंग) टेकवला, दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, "काढू या." इन सिटू निघाला. आतापर्यंत सात काढलेत, बाकीचे सहा साधे होते. उगाच सहा कापले असं मला वाटत नाही.

दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडची तपासणी वेगळी. ती रविवारच्या बदल्यात धरू नका.

ऊन

क्वीन्सलंडच्याच नांबूर गावात १६२१ लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना १९९२ ते १९९६ रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, निम्म्यांना नेहमीप्रमाणे वागायला. प्रयोग संपल्यावर पुढच्या दहा वर्षांपर्यंत मोजणी केली तेव्हा रोज लावणाऱ्यांत ११ जणांना मेलानोमा झाला होता, बाकीच्यांत २२ जणांना. मी या एका आकड्यावर नवऱ्याशी चार वर्षं भांडले आणि जिंकले.

प्रमाण महत्त्वाचं. दोन्ही हात, दोन्ही पाय, छाती-पोट, पाठ आणि चेहरा-मान, प्रत्येकी चहाचा एक चमचा, एकूण सात. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी पुन्हा. अतिनील निर्देशांक तीन किंवा जास्त असला की संरक्षण हवं, आणि ब्रिस्बेनला तो हिवाळ्याच्या दुपारीही तीनच्या वर जातो. तरी सनस्क्रीनवर सगळी भिस्त नको. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी आधी, क्रीम उरलेल्या जागेसाठी.

आमची मुलं नऊ आणि सहा वर्षांची. रंग माझ्याकडे झुकलेला. गव्हाळ कातडी उन्हापासून काही प्रमाणात सांभाळते, पण नाणं कातडीचा रंग बघून पडत नाही. त्यांची चाचणी आम्ही केलेली नाही. मोठी झाल्यावर ती स्वतः ठरवतील. टोपी मात्र दोघांनाही सक्तीची.

महाराष्ट्रात असाल तर

भारतात त्वचेचा मेलानोमा लाखामागे एकापेक्षाही कमी लोकांना होतो. त्यामुळे वर लिहिलेल्या जनुकांच्या चाचणीसाठी धावत सुटण्याचं कारण सहसा नसतं. पण आपल्याकडे जो होतो तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही, आणि वारशाचा धागाही सहसा सापडत नाही. गायक बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झालेला हाच, १९८१ साली तो छत्तिसाव्या वर्षी गेला.

आपल्याकडे गोची अशी की तळपायाला काही झालं की ती भोवरी असते, कुरूप असतं, काटा रुतलेला असतो. तळपायाला तीळ म्हणजे परदेशप्रवास, असं आजी म्हणायची. (माझ्या बाबतीत खरं ठरलं, तरी मी तो तीळ दाखवून घेतला.) काळा डाग पसरत असेल, भोवरी चार-सहा आठवड्यांत बरी होत नसेल, चिघळत असेल, तर चर्मरोगतज्ज्ञ गाठा. सावळ्या माणसांच्या नखांवर काळसर रेघा असणं सर्रास आढळतं. अनेक बोटांवर असतील तर बहुतेक काळजी नको. एकाच नखावर, नव्यानं आलेली, रुंद होत जाणारी, नखाच्या मुळाशी कातडीवरही उतरलेली रेघ दिसली तर मात्र थांबू नका. आणि कुठल्याही तिळाला चुना लावणं, घोड्याचा केस बांधून पाडणं बंद. पडलेला तुकडा तपासायला जात नाही आणि खाली काय उरलं ते कुणालाच कळत नाही.

वारशाचा एक आजार आपल्याला जवळचा आहे, झेरोडर्मा पिग्मेंटोसम. दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तरच होतो, त्यामुळे मामे-आते भावंडांची लग्नं होतात तिथे शक्यता वाढते. उन्हानं झालेली जनुकांची मोडतोड दुरुस्त करणारी यंत्रणाच या मुलांत बिघडलेली असते. दीड-दोन वर्षांच्या बाळाच्या चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके, थोड्या उन्हात फोड, उजेडात डोळे मिटून घेणं, असं दिसलं तर "दृष्ट लागली" म्हणून सोडू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी स्वतंत्र जनुकीय दवाखाना आहे, तिथली वाट आपल्या डॉक्टरांमार्फत धरता येते.

विमा आणि नातेवाईक

चाचणीआधी विम्याचं विचारून घ्या. अमेरिकेत २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीत संरक्षण देतो, आयुर्विम्याला ते लागू नाही. प्रत्येक देशाचा नियम निराळा. समुपदेशकाला हा प्रश्न रोजचाच असतो, संकोच नको.

आणि मग फोन. निकाल तुमचा असला तरी धोका चुलतभावंडांचाही असतो. क्लिनिक एक छापील पत्र देतं, नातेवाइकांनी आपल्या डॉक्टरला दाखवण्यासाठी. आम्ही अकरा जणांना पाठवलं. तिघांनी उत्तर दिलं नाही, एकीनं रागावून फोन ठेवला. पर्थच्या चुलतदिरानं पत्र चार महिने फ्रिजला चिकटवून ठेवलं आणि मग एका शुक्रवारी गेला. वंशावळीची वही मी पेन्सिलीनं लिहिते. गेल्या महिन्यात त्याच्या नावापुढे लिहिलं: वय सेहेचाळीस, डावी पोटरी, जाडी ०.४ मिलिमीटर.